एका संघाचे दोन देश

१९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पाकिस्तानच्या हॉकी संघाचे कर्णधार होते अली इक्तिदार शाह दारा. बारा वर्षांपूर्वी, १९३६ साली, बर्लिनमध्ये याच दारांनी भारतासाठी सुवर्णपदक जिंकले होते. तेव्हा त्यांचे कर्णधार होते ध्यानचंद. खेळ तोच होता, स्टिक तीच होती. बदलला होता तो नकाशा.

भारत-पाकिस्तान सामना जवळ आला की इथल्या मुसलमानाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. शाळेत, चहाच्या टपरीवर, ऑफिसात, कधी हसत तर कधी डोळे रोखून. ‘तू कुणाच्या बाजूने?’ आपल्यापैकी अनेकांनी तो ऐकला आहे. या प्रश्नाला चिडून उत्तर देण्यापेक्षा हॉकीचा इतिहास समोर ठेवलेला बरा. कारण विचारणाऱ्यांना वाटते की हे दोन संघ पहिल्यापासूनच दोन होते. तसे नव्हते.

भारताने हॉकीतले पहिले ऑलिम्पिक सुवर्ण १९२८ साली अॅमस्टरडॅमला मिळवले. जयपालसिंग मुंडा या आदिवासी तरुणाकडे त्या संघाचे नेतृत्व सोपवले होते. संघात अँग्लो-इंडियन खेळाडू मोठ्या संख्येने होते. फिरोज खान, शौकत अली होते आणि अर्थातच ध्यानचंद होते. १९३२ साली लॉस एंजेलिसला संघाचे कर्णधार होते लाल शाह बुखारी. त्या स्पर्धेत भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले. पुढे हेच बुखारी पाकिस्तानच्या परराष्ट्र सेवेत गेले. जालंधरमध्ये जन्मलेल्या फिरोज खान यांचे २००५ साली कराचीत निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती. भारतासाठी मिळवलेले सुवर्णपदक हीच त्यांची ओळख अखेरपर्यंत राहिली.

बर्लिनमधला तिरंगा

१९३६चा संघ तर हिंदुस्थानचे छोटे रूपच होता. झाशीचे ध्यानचंद आणि त्यांचे भाऊ रूपसिंग, पंजाबचे सय्यद जाफर, भोपाळचे अहमद शेर खान, बंगालकडून खेळणारे अँग्लो-इंडियन जोसेफ गॅलिबर्डी, मूळ गोव्याचे पीटर फर्नांडिस, मुंबईकडून निवडले गेलेले बाबू निमल. बर्लिनला पोहोचल्यावर सरावाच्या सामन्यात जर्मनीच्या संघाने भारताला ४-१ असे हरवले. संघ हादरला. मायदेशी निरोप गेला आणि लष्करात असलेल्या दारांना तातडीने बोलावून घेण्यात आले. ते आले आणि थेट फ्रान्सविरुद्ध उपांत्य सामन्यात उतरले. भारताने तो सामना १०-० असा जिंकला.

पावसामुळे अंतिम सामना एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला झाला. स्वातंत्र्य अजून अकरा वर्षे दूर होते. संघाचा अधिकृत झेंडा ब्रिटिश राजवटीचा होता. ध्यानचंद यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे की, सामन्याआधी खोलीत व्यवस्थापकांपैकी पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. सर्वांनी त्याला सलामी दिली आणि संघ मैदानात उतरला. भारत ८-१ असा जिंकला. पाच सामन्यांत भारताने ३८ गोल केले आणि फक्त एक गोल खाल्ला.

त्या खोलीत तिरंग्याला सलामी देणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन सगळेच होते. ‘तू कुणाच्या बाजूने?’ हा प्रश्न तिथे कुणाला सुचलाही नसेल.

फाळणी मैदानात

१९४७ साली ही टीम फुटली. वर्षभरातच लंडनमध्ये दोन संघ उतरले. एकेकाळी लाहोरच्या मैदानांवर एकत्र खेळलेले केशव दत्त भारताकडून खेळले, तर शाहजादा शाहरुख पाकिस्तानकडून. केशव दत्त जन्माने लाहोरचे. घर मागे टाकून आलेले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीवर भारताने ब्रिटनला ४-० असे हरवले. कालच्या राज्यकर्त्यांना त्यांच्याच राजधानीत नमवून स्वतंत्र भारताने पहिले सुवर्ण जिंकले. किशनलाल यांच्या त्या संघात अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान हे दोन मुसलमान खेळाडू होते. दारांचा पाकिस्तान चौथ्या क्रमांकावर राहिला.

नंतर अख्तर आणि लतीफ पाकिस्तानात गेले. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये दोघेही पाकिस्तानच्या संघात होते. अंतिम सामन्यात समोर भारत होता. भारताचे कर्णधार होते बलबीरसिंग, म्हणजे लंडनमधले त्यांचे सहकारी. सामन्यातला एकमेव गोल केला रणधीरसिंग जंटल यांनी. तेही लंडनच्या संघातलेच. अशा रीतीने अख्तर आणि लतीफ यांच्याकडे भारतासाठी जिंकलेले सुवर्ण आणि भारताकडून हरून मिळालेले रौप्य, अशी दोन पदके जमा झाली. त्यांना देशभक्त म्हणायचे की गद्दार? दोन्ही शब्द या दोघांच्या आयुष्यासाठी अपुरे पडतात. फाळणीने लाखो माणसांना एका आयुष्यात दोन देश दिले, त्यांतलेच हे दोघे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गॅलिबर्डीही भारत सोडून गेले, इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. स्वातंत्र्यानंतर कितीतरी अँग्लो-इंडियन हॉकीपटू परदेशी गेले. त्यांच्या जाण्याची आपण हळहळत आठवण काढतो, हॉकीचे नुकसान झाले म्हणतो. ते योग्यच आहे. मग लतीफ-अख्तर यांच्या जाण्याचा जाब मात्र इथेच राहिलेल्या मुसलमानाला का द्यावा लागतो?

जे राहिले त्यांचे काय?

अहमद शेर खान राहिले. भोपाळमध्येच. त्यांचे चिरंजीव अस्लम शेर खान भारताकडून खेळले. १९७५च्या विश्वचषकात, क्वालालंपूरला मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत पिछाडीवर होता. सामना हातातून जात असताना अस्लम यांना बदली खेळाडू म्हणून उतरवले आणि त्यांनी पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला. भारत अंतिम सामन्यात पोहोचला आणि पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वविजेता झाला. विजयी गोल होता अशोककुमार यांचा. अशोककुमार हे ध्यानचंद यांचे पुत्र. बर्लिनच्या दोन सहकाऱ्यांची मुले भारताच्या एकाच संघात होती, आणि त्या दोघांच्या गोलांशिवाय तो चषक भारतात आला नसता.

तरी संशय संपला नाही. आणि तो एकाच समाजापुरता थांबलाही नाही. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले, तेव्हा गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर फितुरीचा आळ घेतला गेला. पराभवाचे कारण खेळात न शोधता माणसाच्या निष्ठेत शोधायची सवय लागली की नाव कोणते, हेही पाहिले जात नाही. दोनच वर्षांनी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा तिरंगा घेऊन सर्वांत पुढे चालत होते हॉकी कर्णधार जफर इक्बाल.

बर्लिनमध्ये तिरंगा खोलीत लपवून आणावा लागला होता. त्याला सलामी देणाऱ्यांत अहमद शेर खान होते, जाफर होते आणि नंतर पाकिस्तानचे कर्णधार झालेले दाराही होते. ती सलामी कुणी मागितलेला पुरावा नव्हती. म्हणूनच पुढच्या वेळी कुणी ‘तू कुणाच्या बाजूने?’ असे विचारले, तर त्याला आधी १९३६च्या संघाची यादी वाचून दाखवावी. आणि मग विचारावे, यातले कोण तुझे आणि कोण माझे, जरा वेगळे करून दाखव.