चार बॅटऱ्या आणि १९१२ साल

गोल्फ कार्ट म्हटलं की डोळ्यांसमोर हिरवळ, पांढरी टोपी, साहेबलोक वगैरे येतं. पण सीट उचलून खाली बघा. आपल्या सदरच्या रेसिडेन्सी रोडवर धावणाऱ्या ई-रिक्षाची ती सख्खी बहीण निघते! दोघींच्या पोटात शिशाच्या जड बॅटऱ्या, एकीला एक जोडलेल्या. जुन्या गोल्फ कार्टमध्ये ६ व्होल्टच्या सहा, म्हणजे ३६ व्होल्ट. ई-रिक्षात १२ व्होल्टच्या चार, म्हणजे ४८. आणि त्या दमल्या की मालकापुढे प्रश्नही एकच: नवीन कोणत्या घ्यायच्या?

मंगळवारी बाजाराजवळ उभे राहणारे एक ई-रिक्षावाले काका मला मध्ये म्हणाले, "भाऊ, तुम्ही इंजिनियर आहे ना, सांगा बरं. दुकानदार म्हणते कारची बॅटरी टाकून घ्या, स्वस्तात पडते. तेही बाराच व्होल्ट आहे." आता सॉफ्टवेअरवाल्याला बॅटरीतलं काय कळणार? पण लोकांसाठी इंजिनियर म्हणजे इंजिनियर :) शिवाय प्रश्न साधा नव्हता. गाडीच्या खालोखाल त्यांचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे हा सेट. तो चुकला तर दुपारनंतरच्या फेऱ्या बंद, आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच. म्हणून जरा वाचत बसलो, आणि उत्तर सापडलं ते इतिहासात.

१८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाच्या पत्र्यांची गुंडाळी गंधकाम्लात बुडवली आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी तयार झाली. १८८१ मध्ये कामिय फोरने पत्र्यांवर लेप द्यायची युक्ती काढली, तेव्हा तिच्यात कामापुरती वीज मावायला लागली. मग या बॅटऱ्यांनी गाड्या ओढायला सुरुवात केली. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेची होती, साल १८९९. खोटं वाटतं ना?

मग आलं १९१२. कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर बसला. तोवर पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागे. हँडल उलटं फिरलं तर हात मोडायचा. विजेच्या गाडीत ती कटकटच नव्हती, आणि तोच तिचा मोठा फायदा होता. तो गेला. स्वस्त फोर्ड, स्वस्त पेट्रोल ही कारणं होतीच, पण गंमत बघा, विजेच्या गाडीच्या पराभवात बॅटरीनेच हातभार लावला!

आणि इथून बॅटरीची दोन घराणी झाली. स्टार्टरला काही सेकंद प्रचंड करंट लागतो, मग इंजिन तिला लगेच पुन्हा भरतं. म्हणून त्या बॅटरीत पातळ पातळ, पण भरपूर प्लेटा. गाडी ओढणाऱ्या बॅटरीला मात्र तासन्‌तास करंट द्यायचा असतो आणि रोज बरीचशी रिकामी व्हायचं असतं. म्हणून तिच्यात जाड प्लेटा, किंवा ट्यूब्युलर, म्हणजे आतला माल झडू नये म्हणून नळ्यांमध्ये भरलेला. हे दुसरं घराणं फोर्कलिफ्टमध्ये, इंग्लंडच्या दूधगाड्यांमध्ये आणि १९५० नंतर अमेरिकेच्या गोल्फ कार्टमध्ये टिकून राहिलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०१४ च्या नियमांनी ई-रिक्षाला कायदेशीर जागा मिळाली (मोटर २००० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत, प्रवासी चार) आणि हे घराणं आपल्या गल्लीबोळात आलं.

तर काकांच्या प्रश्नाचं उत्तर हे. व्होल्ट सारखे, पण काम वेगळं. कारची बॅटरी रोज रिकामी केली की प्लेटांवरचा माल झडतो आणि ती फार लवकर बसते. म्हणजे स्वस्त ते महागच पडतं.

बरं, ट्यूब्युलर घ्यायची ठरली तरी लेबल नीट वाचा. १८९७ साली पॉयकर्ट नावाच्या जर्मन प्राध्यापकाने दाखवून दिलं की शिशाची बॅटरी जितक्या घाईने उपसाल तितकी कमी वीज हाती लागते. लेबलवर '१०० एएच सी-२०' असेल तर ते १०० वीस तासांत हळूहळू काढले तर. ई-रिक्षा चार-पाच तासांत उपसते, तेव्हा तेवढे मिळत नाहीत. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना सी पुढचा आकडा एकच हवा.

दुसरं म्हणजे आपलं ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश होतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. थंड प्रदेशातल्या लोकांचे 'इतकी वर्षं चालते' हे अनुभव इथे लावू नयेत. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर जास्त वेळा बघावं लागतं, आणि चार्जिंग रात्री केलेलं बरं.

तिसरं, चारही एकदमच बदला, एकाच कंपनीच्या, एकाच बॅचच्या. ओळीत जोडलेल्या असल्याने करंट सगळ्यांतून सारखाच जातो. एक जुनी राहिली तर ती आधी रिकामी होते आणि बाकीच्या तिघी तिला उलटी चार्ज करायला लागतात. टीममधल्या सगळ्यात थकलेल्या माणसाच्या वेगानेच प्रोजेक्ट चालतो, तसंच हे.

आणि लिथियम? १९९७ मध्ये टेक्सासमध्ये पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा पेपर छापला. (पहिली दोन नावं आपलीच वाटतात ना? गुडइनफना २०१९ मध्ये नोबेलही मिळालं.) ३.२ व्होल्टचे सोळा सेल जोडले की ५१.२ व्होल्ट होतात, म्हणजे ४८ च्या गाडीत बहुधा बसतात. वजन बरंच कमी, पाणी घालायची भानगड नाही, आणि खोलवर रिकामी करूनही आयुष्य कितीतरी जास्त. पण आधी मोजावे लागणारे पैसे जास्त, जुना चार्जर चालत नाही, आणि आतली बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, हलकं असेल तर सगळं वाया.

माझं मत असं. गाडी दिवसभर धावत असेल आणि हप्ता झेपत असेल तर लिथियम, नाहीतर चांगली ट्यूब्युलर. सेटच्या किमतीला तो किती वेळा भरून रिकामा होईल त्या आकड्याने भागा, आणि उत्तर येईल तो खरा भाव समजा.

शेवटचं. जुना सेट भंगारवाल्याला देऊ नका. उघड्यावर शिसं वितळवलं की ते आजूबाजूच्या लहान पोरांच्या अंगात जातं. दुकानदाराने जुन्या बॅटऱ्या परत घ्यायच्या हा नियम २००१ सालीच आला, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी त्या गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. परत करताना नव्या सेटवर किती सूट मिळेल, ते भाव ठरवतानाच विचारून घ्या.