साथीचे दोन चित्रपट

आपल्या निर्णयामागे एखादी कलाकृती होती, असे राज्यकर्ते क्वचितच सांगतात. ब्रिटनचे तत्कालीन आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले. लस आधी कोणास, यावरून माजणारा कलह त्यांनी 'कन्टेजन' (२०११) या चित्रपटात पाहिला होता. म्हणून मात्रा विपुल मागविल्या. हा चित्रपट साथीकडे पाहतो तो मुख्यत्वे शास्त्रज्ञ व अधिकारी यांच्या बाजूने. झडती झालेल्या घराच्या बाजूने पाहणारा आपल्याकडे आहे: नचिकेत व जयू पटवर्धन यांचा, पुण्याच्या प्लेगवरील '२२ जून १८९७' (१९७९). मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने लागू केला, तो १८९७ चाच साथरोग कायदा. त्या वेळी मंत्र्यांना स्मरावयास हवा होता तो हा दुसरा चित्रपट, असे मला वाटते. कारण त्या कायद्याखाली सद्भावनेने वागलेल्या अधिकाऱ्यावर दावा चालत नाही. रँडच्या काळीही चालत नव्हता.