पेंड, पेंढा आणि पेंडखजूर

मे महिन्यात चारकोपच्या बाजारात हापूसची पेटी उघडली की आंब्याआधी हाताला लागतो तो पेंढा. शेजारच्या किराणा दुकानात पेंडखजूर. आणि तिकडे फलटणकडे, बंदिस्त मेंढ्यांच्या गोठ्यात, वाढत्या कोकरांपुढे येते भुईमुगाची पेंड. तिन्ही शब्द एकाच घरचे असावेत, हा संशय एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

पेंडीच्या वंशावळीवर दोन दावेदार हक्क सांगतात. पहिला संस्कृत 'पिण्याक', आणि त्याची बाजू भक्कम दिसते, कारण अर्थ तंतोतंत तोच: तेल काढल्यावर उरलेला चोथा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बैलांच्या खुराकात गवत, कण्या-कोंडा आणि मिठाच्या जोडीला 'घाणपिण्याक' सांगितला आहे. त्यातला 'घाण' म्हणजे आपला तेलाचा घाणाच. मनुस्मृतीत सुरापानाचं प्रायश्चित्त म्हणून वर्षभर रात्री एकदाच कण्या किंवा पिण्याक खायला लावला आहे. बैलाचा खुराक तो माणसाची शिक्षा!

पण अर्थ जुळला म्हणून रक्त जुळत नाही. पालीत पिण्याकाचा 'पिञ्ञाक' झाला; त्यात 'ड' कुठून उगवणार? उलट 'पिण्ड'चा 'पेंड' होतो, असा नियमच वररुचीने प्राकृतप्रकाशात दिला आहे. शिवाय पिण्डखर्जूराचा मराठीत पेंडखजूर झाला, हा साक्षीदार तर दुकानात बरणीतच बसला आहे. घाण्यातून निघालेला दाबलेला गोळा, म्हणजे पिंडच की.

पेंढ्याला मात्र 'ढ' आडवा येतो. तरी कापलेलं भात मुठीमुठीने बांधलं की होते पेंढी, म्हणजे पुन्हा गोळाच. झोडून दाणे गेले की उरतो पेंढा. 'ढ' बोलण्याच्या ओघात शिरला असणार. कोणी याला ओढाताण म्हणेल, म्हणो बापडे.

नावं सख्खी, पण गुण दोन टोकांचे. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के, तर भुईमुगाच्या पेंडीत चाळीसच्या पुढे. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत जर्मनीत बेकमान या रसायनशास्त्रज्ञाने पेंढा कॉस्टिक सोड्यात भिजवून पचायला हलका केला; पुढे त्या जागी अमोनिया आणि मग युरिया आला. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबायचे आणि प्लास्टिकखाली 21 दिवस झाकायचे. युरियाचा अमोनिया होतो, पेंढ्याचे तंतू घट्ट धरून ठेवणाऱ्या लिग्निनची पकड सैल पडते.

फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' घडवली. ती बहुधा जुळी देते, दूध दोघांत वाटलं जातं, म्हणून खुराकाचा प्रश्न इथे लवकर उभा राहतो. मात्र पोट पुरतं तयार झाल्याशिवाय युरियाचा पेंढा कोकरापुढे टाकत नाहीत. टाकण्याआधीही तो हवेवर पसरून ठेवावा लागतो, नाकात जाणारा दर्प उडेपर्यंत. मग वरून पेंड कुटून भुरभुरतात. कोकरू आधी तीच चाटतं, पेंढ्याला तोंड लावतं नंतर.