भंडाऱ्याची रिकामी जागा : १९५४

पोटनिवडणूक म्हटलं की आपण ‘कोण पडलं, कोण आलं’ एवढंच विचारतो. जागा रिकामी का झाली, हे विचारायचं राहून जातं. मे १९५४ मधली भंडाऱ्याची पोटनिवडणूक आपल्याला आठवते ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पराभवामुळे. पण आम्हाला तिच्या आधीचा कोर्टातला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदार तेच, प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. पहिल्या निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आले. गोंदियाकडच्या बिडीच्या धंद्यातलं हे मोठं नाव. त्यांची भागीदारी असलेल्या मूलजी सिक्का कंपनीचा सैनिकांच्या कँटीनला बिड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारशी करार असलेला माणूस कायद्याने अपात्र. म्हणजे बिडीने खासदारकी घालवली! पण प्रकरण तेवढ्यावर थांबलं नाही.

राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला होता. कारण काय, तर ते महानुभाव पंथात गेले, सबब महार उरले नाहीत. चक्रधरस्वामींच्या पंथाला जातिभेद मान्य नाही, मग अनुयायाला जात कुठून, असा तो तर्क. वर्गात आम्ही असा तर्क मांडला असता तर तो बिनचूक दिसला असता. पण ९ फेब्रुवारी १९५४ च्या निकालात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तो मानला नाही. पंथाचं तत्त्व काय म्हणतं एवढंच पाहून चालणार नाही. जुना समाज त्या माणसाला आपला मानतो का, त्याचा स्वतःचा हेतू काय आहे आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात, या तिन्ही गोष्टी पाहायला हव्यात. त्या पाहता ठवरे महारच होते आणि अर्ज चुकीने फेटाळला गेला होता. अख्खी निवडणूक रद्द झाली.

माणूस जातीतून स्वतःच्या इच्छेने बाहेर पडू शकतो का? ‘फक्त इच्छा पुरत नाही’, असं त्या निकालाचं उत्तर. आम्हाला हे उत्तर समाजाचं वर्णन म्हणून खरं वाटतं, आणि म्हणूनच अस्वस्थ करतं.

आता त्या राखीव जागेवर बाबासाहेब उभे राहिले. १९५२ मध्ये मुंबईत नारायण काजरोळकरांनी त्यांना हरवलं होतं, आणि त्याच मुंबईत अशोक मेहताही पडले होते. भंडाऱ्यात मेहता सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाकडून निवडून आले. बाबासाहेब मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. जागा दलितांसाठी राखीव, पण तिथे कोण बसणार हे साऱ्या मतदारसंघाचं बहुमत ठरवणार. पुणे कराराच्या वेळी, १९३२ साली, ज्या धोक्याचा वाद होता तो इथे आकड्यांत दिसला. (बोरकरांच्या निधनानंतर १९५५ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक झाली नि अनसूयाबाई बोरकर खासदार झाल्या. एका लोकसभेत एकाच जागेचा हा तिसरा निकाल!) ऑगस्ट १९५५ मध्ये शेड्युल्ड कास्ट फेडरेशनने कायदेमंडळांतल्या राखीव जागाच बंद करा, अशी मागणी केली. हा योगायोग आहे असं आम्ही मानत नाही.

भंडाऱ्याहून नागपूर जवळच. तिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ठवऱ्यांच्या अर्जावरचा प्रश्न आता लाखोंपुढे आला. पण कोर्टाची ती तीन अंगांची कसोटी त्यांच्या उपयोगी पडणार नव्हती, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातच धर्माची अट होती. बौद्धांचं नाव त्या आदेशात आलं ते १९९० साली.