जो, जोसेफिन आणि कॅथी

1983 साली कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावात ॲलन कूपर नावाचा एक प्रोग्रामर दुपारच्या वेळी गोल्फच्या मोकळ्या मैदानावर स्वतःशीच बडबडत फिरताना दिसायचा. घरी बसून तो प्रकल्पांच्या नियोजनाचं एक सॉफ्टवेअर एकट्याने लिहीत होता. तेव्हाचे संगणक इतके संथ, की प्रोग्राम कंपाइल करायला लावला की तासभर तरी दुसरं काही करता यायचं नाही. कूपर जेवून घ्यायचा आणि पाय मोकळे करायला निघायचा. चालता चालता तो कॅथी व्हायचा.

कॅथी ही खरीखुरी बाई होती. एका जाहिरात संस्थेत कुठल्या कामावर कोण आहे, कोणाकडे वेळ शिल्लक आहे, कोणावर जास्त बोजा पडलाय, हा सगळा ताळमेळ ती ठेवायची. सॉफ्टवेअर लिहायला घेण्याआधी कूपर अशी कामं करणाऱ्या सात-आठ जणांना भेटला होता आणि कॅथीशी त्याचं सर्वांत सविस्तर बोलणं झालं होतं. मैदानावर तो तिच्या वतीने मागण्या मांडायचा आणि प्रोग्रामर म्हणून त्यांना उत्तरं द्यायचा. कोणती सोय रोज लागेल, कोणती सहा महिन्यांतून एकदा आणि कोणती नुसती प्रोग्रामरची हौस, हे या एकपात्री भांडणातून निवडलं जायचं. ते सॉफ्टवेअर पुढे ‘सुपरप्रोजेक्ट’ नावाने बाजारात आलं. आज कुठल्याही ॲपच्या आराखड्याआधी एक काल्पनिक वापरकर्ता रंगवला जातो. त्याला फोटो असतो, नाव, वय, नोकरी, अडचणी असतात. या ‘पर्सोना’ची मूळ बाई म्हणजे ही कॅथी.

पण कुळ शोधायचं तर आणखी मागे जावं लागतं. हेन्री ड्रेफस हा अमेरिकन डिझायनर मुळात रंगभूमीवर नेपथ्य करणारा. प्रेक्षक कुठे बघतो आणि कशाला बिचकतो, याची नजर त्याला तिथेच आली असावी. आयोवा राज्यातल्या सू सिटीमध्ये आरकेओ कंपनीचं एक आलिशान चित्रपटगृह होतं, आणि लोक तिथे न जाता शेजारच्या साध्या थिएटरांत गर्दी करत. तिकीट उतरवलं, जादा सिनेमे दाखवले, काही फरक पडेना. ड्रेफस दारात उभा राहून लोकांचं बोलणं ऐकू लागला, तेव्हा खरं कारण कळलं. आजूबाजूचे शेतकरी आणि मजूर चिखलाच्या बुटांनी आत यायला संकोचत होते, कारण दारापासूनच उंची गालिचा अंथरलेला होता. त्याने गालिचा काढून साधी रबरी चटई टाकायला लावली आणि थिएटर भरू लागलं. ‘तुम्ही का येत नाही’ असं त्या शेतकऱ्यांना सरळ विचारलं असतं, तर गालिचाचं नाव एकाने तरी घेतलं असतं का, शंकाच आहे.

याच ड्रेफसने 1955 साली ‘डिझायनिंग फॉर पीपल’ या पुस्तकात जो आणि जोसेफिन या जोडीची ओळख वाचकांना करून दिली. त्याच्या कार्यालयाच्या भिंतीवर या दोघांच्या आकृत्या लावलेल्या असत. हात कुठवर पोचतो, गुडघा किती वाकतो, बोट किती जोर लावू शकतं, अशी मापं त्यांवर लिहिलेली. ट्रॅक्टरची बैठक असो वा टेलिफोनचा रिसीव्हर, प्रत्येक वस्तू आधी या दोघांना मानवली पाहिजे. मात्र कामांची वाटणी अगदी त्या काळाला शोभणारी होती: जो रणगाड्यात बसणार, ट्रॅक्टर चालवणार, जोसेफिन इस्त्री करणार, पत्र टाइप करणार. म्हणजे वापरकर्त्याचं पहिलं चित्र काढलं गेलं तेव्हाच काढणाऱ्याचे पूर्वग्रहही त्यात उतरले. ही खोड या कुळात पुढेही टिकली.

जो-जोसेफिनला शरीर होतं, सवयी नव्हत्या. सवयींचा शोध बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाने सुरू केला. फोनची वायर आखूड केली तर चालेल का, असा प्रश्न होता, कारण लाखो फोनांमागे तांब्याचा खर्च वाचणार होता. कार्लिनच्या चमूने मतं विचारण्याच्या फंदात न पडता सहकाऱ्यांच्या टेबलांवरच्या वायरी गुपचूप थोड्या थोड्या आखूड करत नेल्या आणि तक्रार कधी येते ते पाहिलं. फुटभर वायर कमी होईपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याच विभागात फोनच्या बटणांच्या वेगवेगळ्या मांडण्या लोकांच्या हाती देऊन वेग आणि चुका मोजल्या गेल्या, आणि 1963 साली बटणांचा फोन बाजारात आला. त्यात 1-2-3 ही ओळ वर होती. आज आपल्या मोबाइलवर नंबर फिरवताना तीच मांडणी दिसते. त्याच मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला तर मात्र 7-8-9 वर. एकाच खिशात दोन घराणी नांदताहेत.

कूपरने या परंपरेत भर घातली ती हेतूची. 1995 साली सेजंट या कंपनीचं काम करताना त्याच्या लक्षात आलं की, प्रोग्रामर वादात ‘वापरकर्ता’ हा शब्द रबरासारखा ताणतात. अवघड सोय रेटायची असेल तर वापरकर्ता हुशार ठरतो आणि सोपी मांडणी रेटायची असेल तर तोच अडाणी. मग कूपर कंपनीच्या ग्राहकांना भेटला आणि त्यातून तीन माणसं उभी राहिली. चक तयार नमुने वापरणारा, सिंथिया ते नमुने स्वतः बनवणारी आणि रॉब या दोघांची यंत्रणा सांभाळणारा. आता वाद घालायचा तर चकला हे लागेल का, असा घालावा लागे. आणि चक ताणला जात नसे.

1999 साली आलेल्या आपल्या पुस्तकात कूपरने ही पद्धत जगापुढे मांडली. त्यातलं सर्वांत लोभस पात्र म्हणजे क्लेव्हिस. सोनीच्या एका कंपनीसाठी विमानातल्या आसनासमोरच्या पडद्याचं काम चाललं होतं. क्लेव्हिस वयस्कर, बोटांत संधिवात, संगणकाशी ओळख नाही आणि त्याबद्दल माफी मागायची तयारीही नाही. याला जमलं तर बाकी सगळ्यांना जमेलच, हा हिशोब. त्यातून पडद्यापाशी एक मोठा गोल खटका आला. तो फिरवला की चित्रपट एकेक करून समोर सरकत.

मग ही पद्धत फॅशन झाली. मायक्रोसॉफ्टच्या जॉन प्रुइट आणि जोनाथन ग्रुडिन यांनी 2003 साली लिहिलं की, त्यांच्याकडे प्रत्येक पात्रामागे एक आधारपत्र असायचं आणि पात्राबद्दलचं विधान कुठल्या माहितीवरून आलं, हे त्यात नोंदवलेलं असायचं. पात्रांची चित्रं पोस्टरांवर, माउस पॅडवर, अगदी बिअरच्या ग्लासांवरही छापली जात. इतरांनी ग्लास उचलले. आधारपत्र उचलण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. अशी पात्रं खरी आहेत की खोटी हे तपासणार कसं, असा रोकडा सवाल 2006 मध्ये चॅपमन आणि मिलहॅम यांनी विचारला. त्याचं समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मराठी वाचकाच्या बोटांखालीही या विचाराचं एक उदाहरण आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड घडवला. इंग्रजी टंकलेखन न येणाऱ्यालाही शाळेतली वर्णमाला येते, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. अक्षरं ‘क ख ग घ’ याच ओळीने लागतात आणि अक्षर दाबून धरलं की त्याभोवती काना, मात्रा, वेलांटीचं चक्र उमटतं.

पुण्या-मुंबईच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत उद्या कुणी ‘राहुल, 28, बाणेर, कॉफीप्रेमी’ अशी स्लाइड दाखवली, तर समोर बसलेल्यांनी एवढंच विचारावं: या राहुलसाठी तुम्ही कोणाकोणाशी बोललात? उत्तर आलं नाही, तर स्लाइड मिटवून आधी चार खऱ्या माणसांना भेटून यायला सांगावं.