वऱ्हाडातील ‘सांबार’ : बुलढाणा जिल्ह्याच्या परसातील एका शब्दाचा इतिहास

वऱ्हाडी बोलीची चर्चा निघाली म्हणजे ‘ळ’चा ‘य’ होणे, क्रियापदांची रूपे इत्यादी विशेषांकडे अभ्यासकाचे लक्ष जाते. स्वयंपाकघरातील नामांकडे ते क्वचितच वळते. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वऱ्हाडीची दखल आहे. परंतु त्या सर्वेक्षणाचा मुख्य नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राची कथा. त्या कथेत पुष्ट वासरू आहे. कोथिंबिरीला तेथे जागा असण्याचे कारण नव्हते.

बुलढाणा जिल्ह्यात, व एकंदर वऱ्हाडात, कोथिंबिरीस ‘सांबार’ म्हणतात. पुण्याकडील पाहुण्याला हे ऐकून नवल वाटते आणि तो दक्षिणेकडील आमटीची वाट पाहू लागतो. एकाच वनस्पतीस ही दोन नावे का पडली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘कोथिंबीर’ची वंशावळ दीर्घ व बरीच स्वच्छ आहे. पाणिनीने ६.१.१४३ या सूत्रात ‘कुस्तुंबुरु’ या शब्दाची स्वतंत्र दखल घेतली आहे. जातिवाचक अर्थ असेल तरच मधला ‘स्’ यावयाचा; एरवी ‘कुतुंबुरु’ म्हणजे वाईट तुंबुरुफळ, असा काशिकाकारांचा खुलासा आहे. पुढे प्राकृतात ‘स्त’चा ‘त्थ’ व ‘उ’चा ‘ओ’ झाला. ‘पुस्तक’पासून ‘पोथी’ ज्या वाटेने आली, त्याच वाटेने ‘कोथिंबीर’ही आली. कानडी ‘कोत्तंबरी’ आणि तेलुगू ‘कोत्तिमीर’ ही याच कुळातील आहेत.

‘सांबार’ची गोष्ट निराळी आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘संभार’ म्हणजे जमविलेले साहित्य, सामग्री. भूक, भीक या शब्दांत मराठीने महाप्राण सोडला, तसाच तो येथेही सुटलेला दिसतो. कानडीत आजही ‘सांबार पदार्थ’ म्हणजे मसाल्याचे जिन्नस, आणि कोकणीतही हा शब्द मसाल्यासाठी चालतो. (तंजावरास संभाजीराजांच्या पाहुणचारातून सांबार जन्मले ही कथा गोड आहे, समकालीन आधार तिला नाही.) म्हणजे सर्वत्र जो शब्द साऱ्या मसाल्याचा वाचक, तो वऱ्हाडात एका हिरव्या पानापुरता संकोचला. असा संकोच अपूर्व नव्हे. याच झाडाच्या फळास आपण ‘धने’ म्हणतो ते ‘धान्यक’वरून. फळाच्या वाट्यास ‘धान्य’ आले, पानाच्या वाट्यास ‘संभार’.

संकोच याच पानावर का झाला? माझा तर्क असा. मिरी, लवंग, दालचिनी हा संभार वाण्याकडून विकत घ्यावयाचा. सांबार मात्र घरामागे उगवावयाचा. स्वयंपाकात रोज हाताशी असणारे व बाजाराची वाट पाहावयास न लावणारे हेच द्रव्य. सामान्य नाव त्याला चिकटणे स्वाभाविक होय. त्याच्या लागवडीस खर्चही नाही. धने पाटावर घालून वरून वीट वा लाटणे फिरवितात. त्यामुळे प्रत्येक धन्याच्या दोन फाकी होतात व दोन्हींत बी असते. आठ ते पंधरा दिवसांत अंकुर व सुमारे चाळीस दिवसांत पाने हाती येतात. न्हाणीजवळचा वितभर वाफा, फुटक्या माठाचे बूड, भाजी धुतलेले पाणी एवढ्यावर भागते. वैशाखात मात्र रोप पाने धरण्याआधीच फुलावर जाते.

ही सोय जिल्ह्यात सर्वत्र सारखी नव्हती. घाटावर, म्हणजे चिखली-मेहकरकडे, हिवाळी वाफा सहज साधतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूस खारपाणपट्टा लागतो. तेथे विहिरीचे खारट पाणी कोवळ्या रोपास मानवत नाही. पावसाळ्यावर व घरात साठविलेल्या गोड्या पाण्यावर भिस्त राहते.

या साऱ्याचा लेखी पुरावा विरळ असावा यात आश्चर्य नाही. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यानंतर मोजणी झाली ती शेताची. गावठाणातील परसावर सारा नव्हता, म्हणून त्याचा हिशेबही नव्हता. कपाशीची गाठ न् गाठ कागदावर आली; सांबाराची जुडी केवळ बोलीत राहिली. ‘कढीलिंब’ नाव पदार्थावरून, तर विदर्भात त्याच झाडाचे ‘गोडलिंब’ हे नाव कडूलिंबाच्या तुलनेने पडले आहे. त्याचाही असाच स्वतंत्र शोध घेता येईल.

आज खामगाव वा बुलढाणा येथील उपाहारगृहांत ‘सांबार’ मागितले तर इडलीबरोबरची वाटी येते. शाळेच्या पुस्तकात कोथिंबीर, बाजारातही तरुण विक्रेत्याच्या तोंडी कोथिंबीर. ज्या कुटुंबांनी परस सोडून सदनिका घेतली त्यांच्या गॅलरीतील कुंडीत झाड तेच असते, पण मुले त्यास जुन्या नावाने हाक मारीत नाहीत. एका ठिकाणी मात्र अदलाबदल चालत नाही. बेसनाच्या पारीत खसखस, खोबरे व पुष्कळ पाने भरून तळावयाची ती ‘सांबारवडी’. तिला कोथिंबीरवडी म्हटले तर वऱ्हाडातील गृहिणी दुसराच पदार्थ करावयास घेईल.