बिल्किस : कुरआनात नसलेले कुरआनी नाव

घरात मुलगी जन्मली की अकिक्याच्या आधी नावाची शोधाशोध सुरू होते. पूर्वी आजी-नानी किंवा मोहल्ल्यातले मौलवीसाहेब नाव सुचवत, आता मोबाईल सुचवतो. प्रत्येक नावाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. अर्थ काय? आणि कुरआनात आहे का? या दोन प्रश्नांमुळे जी नावे मागे पडली, त्यांपैकी एक म्हणजे बिल्किस. आपल्याकडे हे नाव आता एखाद्या वयस्कर खालाचे किंवा फुफीचे असते. शाळेच्या हजेरीपटावर ते क्वचितच दिसते.

खरे तर बिल्किस हे यमनमधल्या सबा राज्याच्या राणीचे नाव. तिची गोष्ट कुरआनात सविस्तर आली आहे, पण तिचे नाव तिथे नाही. तरीही मुसलमानांनी शतकानुशतके ते आपल्या मुलींना दिले. असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

कुरआनातली राणी

कुरआनच्या २७ व्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह नम्लमध्ये, आयत २० ते ४४ या भागात ही गोष्ट येते. हुदहुद पक्षी हजरत सुलैमान (अ.स.) यांच्याकडे बातमी आणतो. सबा नावाच्या देशावर एक स्त्री राज्य करते, तिच्याकडे सर्व काही आहे, भव्य सिंहासन आहे आणि तिचे लोक सूर्याला सजदा करतात. सुलैमान (अ.स.) तिला पत्र पाठवतात. त्या पत्राची सुरुवात बिस्मिल्लाहने होते. सूरह तौबाच्या आरंभी बिस्मिल्लाह नाही, तरी कुरआनात ती ११४ वेळा येते, त्याचे कारण हेच पत्र.

पत्र मिळाल्यावर राणी दरबार बोलावते. तुम्हाला विचारल्याशिवाय मी कोणताही निर्णय घेत नाही, असे ती सरदारांना सांगते. सरदारांना आपल्या ताकदीचा अभिमान आहे, पण अखेरचा शब्द ते तिच्यावर सोपवतात. राणी युद्धाला नकार देते. राजे एखाद्या वस्तीत घुसले की ती उद्ध्वस्त करतात आणि तिथल्या प्रतिष्ठितांना अपमानित करतात, हे तिचे कारण. ती आधी भेटवस्तू पाठवून समोरच्याची पारख करते, मग स्वतः भेटीला जाते. शेवटी ती ईमान कबूल करते तेव्हाही तिचे शब्द असे आहेत, की आपण सुलैमान यांच्यासोबत सर्व जगांच्या पालनकर्त्याला शरण जात आहोत. ती सुलैमान यांना नव्हे, त्यांच्या बरोबरीने अल्लाहला शरण गेली.

या संपूर्ण वर्णनात तिच्या सूर्यपूजेवर टीका आहे. मात्र स्त्री असून राज्य करते म्हणून तिच्यावर एका शब्दाचीही टीका नाही. उलट सल्लामसलत करणारी आणि रक्तपात टाळणारी शासक म्हणून ती समोर येते.

मग नाव आले कुठून?

कुरआनात फक्त एकाच स्त्रीचा नावाने उल्लेख आहे, हजरत मरियम (अ.स.) यांचा. हव्वा, सारा, हाजरा, आसिया, जुलैखा ही सगळी नावे आपल्याला हदीस, तफसीर आणि जुन्या रिवायतींमधून मिळाली. ‘कुरआनात आहे का’ हीच कसोटी लावली, तर मुलींसाठी इतिहासातले एकच नाव उरेल.

बायबलमध्येही ही राणी बिननावाचीच आहे. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस तिला इजिप्त आणि इथिओपियाची राणी ठरवून निकौले म्हणतो. इथिओपियाच्या ‘केब्रा नगस्त’ या ग्रंथात ती मकेदा आहे. तिच्या आणि सुलैमान यांच्या मुलापासून आपला वंश सुरू झाला, असे तिथले सम्राट मानत. १९७४ मध्ये पदच्युत झालेले हैले सेलासी हे त्यातले शेवटचे.

बिल्किस हे नाव मुस्लिम परंपरेतले. यमनचे वहब इब्न मुनब्बिह यांच्यासारख्या कथनकारांच्या रिवायतींतून तिची गोष्ट वाढत गेली. पुढे तबरी आणि सालबी यांच्या ग्रंथांत ती तपशिलाने नोंदली गेली. अरब वंशावळकारांनी तिला यमनच्या राजघराण्यात बसवले. काही पाश्चात्य अभ्यासक या नावाचा संबंध उपपत्नी या अर्थाच्या हिब्रू आणि ग्रीक शब्दांशी जोडतात, पण त्यावर एकमत नाही. थोडक्यात, या नावाचा अर्थ शब्दकोशात शोधून फारसे हाती लागत नाही. ज्यांनी ते मुलींना दिले, त्यांच्यासाठी त्याचा अर्थ सबाची राणी एवढाच होता.

यमनमध्ये मारिब इथे सबाच्या राजधानीचे अवशेष आहेत. तिथल्या प्राचीन मंदिरांना लोक आजही ‘महरम बिल्किस’ आणि ‘अर्श बिल्किस’ म्हणतात. ती मंदिरे प्रत्यक्षात अलमकह या देवतेची होती. २०२३ मध्ये युनेस्कोने या स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तिथल्या शिलालेखांत सुलैमान यांच्या काळातल्या राणीचा उल्लेख मिळालेला नाही. पण अरबांमध्ये राण्या होत्या, याला पुरावा आहे. इसवी सनपूर्व आठव्या शतकातील असिरियन नोंदींमध्ये जबीबे आणि सम्सी या अरब राण्यांची नावे आहेत.

कथाकारांनी काय केले?

कथाकारांनी राणीला नाव दिले, तसा तिच्यावर अन्यायही केला. तिची आई जिन्न होती, तिचे पाय गाढवासारखे होते, पायांवर दाट केस होते, ते तपासायलाच काचेचा महाल बांधला, अशा कहाण्या रचल्या गेल्या. कुरआनात तिच्या मसलतीला महत्त्व आहे, कहाण्यांमध्ये तिच्या पायांना. राज्यकर्त्या स्त्रीची चर्चा तिच्या शरीरावर आणून ठेवण्याची खोड किती जुनी आहे, हे यावरून कळते.

मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांनी इस्लामच्या इतिहासातील विस्मृत राण्यांवर १९९० मध्ये पुस्तक लिहिले. स्त्रीच्या नेतृत्वाविरुद्ध जी हदीस नेहमी पुढे केली जाते, तिचीही त्यांनी चिकित्सा केली. इराणच्या गादीवर स्त्री बसल्याच्या संदर्भात ती हदीस सांगितली जाते. सबाच्या राणीची गोष्ट मात्र या वादात अनेकदा बाजूला राहते.

दुसरी बिल्किस

यमनने पुढे आणखी एक राणी पाहिली. सुलैही घराण्यातील अरवा. पती मुकर्रम अहमद अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यावर अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिने कारभार हाती घेतला. राजधानी सनाहून जिब्लाला नेली. ११३८ मध्ये तिचे निधन झाले, तोवर सत्ता तिच्याकडेच होती. यमनच्या मशिदींमध्ये तिच्या नावाचा खुतबा वाचला जाई. लोक तिला ‘बिल्किस अस्-सुग्रा’ म्हणजे छोटी बिल्किस म्हणत.

या राणीचा आपल्याशी थेट संबंध आहे. फातिमी खलिफा मुस्तन्सिर याने पश्चिम भारतातील दावतीची जबाबदारीही तिच्याकडे सोपवली होती. गुजरातमध्ये पाय रोवलेल्या त्या दावतीतूनच बोहरा समाज पुढे आला. आज दाऊदी बोहरांचे मुख्यालय मुंबईत आहे आणि या समाजात अरवा राणीचे नाव आदराने घेतले जाते.

आग्रा ते नायजेरिया

मोगल दरबारात हे नाव सन्मानाची पदवी झाले. अकबराने आपली आई हमीदाबानूला ‘मरियम मकानी’ म्हटले. जहांगीरची पत्नी आणि शाहजहानची आई जगत गोसाईं १६१९ मध्ये वारली, तेव्हा तिला ‘बिल्किस मकानी’ ही पदवी दिली गेली, म्हणजे बिल्किसच्या दर्जाची. ती मारवाडची राठोड राजकन्या होती. दुसऱ्या धर्मात वाढून राजवाड्यात आलेल्या स्त्रीसाठी दरबाराने सबाच्या राणीचे नाव निवडावे, हे मला अर्थपूर्ण वाटते.

फारसी काव्याने हुदहुद आणि सबाला घरोघरी पोचवले. रूमीच्या मसनवीत बिल्किसची गोष्ट आहे. तुर्कस्तानात हे नाव बेल्किस झाले. नायजेरियात ते बिलिकिसू झाले. तिथल्या इजेबू भागात सुमारे १६० किलोमीटर लांबीचा मातीचा प्राचीन तट आणि खंदक आहे. तो बिलिकिसू सुंगबो नावाच्या श्रीमंत स्त्रीने बांधला, असे लोक सांगतात आणि तिलाच सबाची राणी मानतात. इतिहासाच्या कसोटीवर हे टिकत नाही. पण एवढे मोठे काम एका स्त्रीने केले म्हटल्यावर लोकांना हेच नाव आठवले.

आपल्या काळातल्या बिल्किस

१९४७ मध्ये काठियावाडातील बांटवा इथे जन्मलेल्या बिल्किस ईधी यांनी कराचीत पती अब्दुल सत्तार ईधींसोबत अनाथालये चालवली. टाकून दिलेल्या बाळांसाठी त्यांच्या केंद्रांबाहेर पाळणे ठेवलेले असत. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

दिल्लीच्या शाहीनबागेत थंडीत ठाण मांडून बसलेल्या ८२ वर्षांच्या बिल्किस दादींना ‘टाइम’ मासिकाने २०२० च्या शंभर प्रभावशाली व्यक्तींमध्ये स्थान दिले.

आणि गुजरातच्या बिल्किस बानो. २००२ च्या अत्याचारानंतर त्या गप्प बसल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये त्यांचा खटला महाराष्ट्रात हलवला. २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप ठोठावली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी ते सुटले, तेव्हा बिल्किस पुन्हा न्यायालयात गेल्या. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. शिक्षा महाराष्ट्रात झाली असल्याने सूट देण्याचा अधिकार गुजरात सरकारला नव्हता, असे न्यायालयाने म्हटले.

आज बिल्किस म्हटले की अनेकांना फक्त हा खटलाच आठवतो. जखमेची आठवण नको म्हणून हे नाव टाळणारे आई-वडीलही असतील. त्यांना दोष देता येणार नाही. पण या नावाकडे केवळ पीडितेचे नाव म्हणून पाहिले, तर मारिब, जिब्ला आणि आग्र्याचा इतिहास पुसला जातो. बानो यांची लढाईही त्यात नीट दिसत नाही. कायद्याच्या मार्गाने, न थकता, शेवटपर्यंत जाणारी ही स्त्री त्या जुन्या राणीच्या नावाला साजेशीच आहे.

मुलीचे नाव काय ठेवायचे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. मात्र बिल्किस हे नाव ‘कुरआनात नाही’ म्हणून कोणी नाकारत असेल, तर त्याने सूरह नम्लच्या त्या पंचवीस आयती एकदा तर्जुम्यासह वाचाव्यात. नाव तिथे नसले तरी राणी तिथे आहे, आणि आपल्या पूर्वजांना ती मुलीने घ्यावा असा आदर्श वाटली होती.